आहुप्याची बॅटरी

माझ्या उमेदीची सगळी वर्षं एका प्रश्नामागे गेली: डोंगरात एकटं ठेवलेलं यंत्र एका बॅटरीवर किती दिवस बोलत राहील? माणसानं आयुष्य घालवावं असा हा प्रश्न नाही, हे मला मान्य आहे. लग्न ठरवायला पाहुणे आले होते, तेव्हा मी माझं काम त्यांना अगदी नीट, हातवारे करून समजावून सांगितलं. मुलीच्या चुलत्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं, जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे सेल बदलायची नोकरी का?" मला राग आला, पण त्याला खोटं ठरवता येईना. सोयरीक मोडली नाही, एवढंच.

आता म्हणे नखाएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालणारी आणि कोसाकोसांवर निरोप पोचवणारी यंत्रं निघाली आहेत. तरुण पोरं मला ती कौतुकानं दाखवायला आणतात. मी हातात घेऊन बघतो, छान आहे म्हणतो आणि विषय बदलतो.

आमचं गाव पेठ, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि वडिलांनी रस्त्याकडेला पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. बंद पडलेल्या ट्रकांच्या बॅटऱ्याही ते चार्ज करून द्यायचे. ड्रायव्हर लोक बॅटरीला मनसोक्त शिव्या घालायचे. वडील म्हणायचे, "तिला कशाला बोलता राव? आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?" मी तांब्याच्या तारा गुंडाळत तिथंच वाढलो, पुढं आयटीआय केलं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत वायरलेसचा मेकॅनिक म्हणून चिकटलो. कंपनीनं धरणाच्या पाणलोटात पाऊस मोजणारी यंत्रं बसवायचं काम घेतलं होतं. मी त्याच भागातला, म्हणून जुन्नर आणि आंबेगाव माझ्या गळ्यात पडले.

काम सांगायला सोपं होतं. डोंगरातल्या गावी एका खांबावर पावसाचं भांडं, खाली लोखंडी पेटीत बॅटरी आणि वायरलेस, वर हातरुमालाएवढं सोलर पॅनेल. किती पाऊस पडला ते यंत्र दर तासाला जुन्नरच्या बाजूच्या एका डोंगरमाथ्यावर कळवणार, तिथलं यंत्र ते उचलून घोडेगावातल्या आमच्या खोलीत टाकणार. खोलीत ऑपरेटर बसलेला. त्यानं तो आकडा वर कळवला की धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते साहेब लोकांनी ठरवायचं. कागदावर हे सगळं इतकं सुबक दिसायचं की आमचे पुण्याचे साहेब त्याकडे बघत चहा प्यायचे.

साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवय होती, आणि शेळ्या राखायला मी होतो.

आहुप्याला आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते हिरड्याच्या दिवसांत. अंगणाअंगणातून हिरडा वाळत पडलेला. पुढं कड्यावरून कोकण दिसत होतं आणि मागं देवराई, तीत भर दुपारीही सावली. यंत्राला मोकळी जागा हवी होती. देवराईतलं पानसुद्धा तोडायचं नाही हा तिथला कायदा, आणि बाकीची जमीन जंगल खात्याची. राहिला देवराईच्या कडेचा एका माणसाचा नाचणीचा तुकडा, त्याच्या घराला लागूनच. त्या माणसाला मी पुढं मामा म्हणायला लागलो आणि त्याच्या बायकोला मामी. पन्नाशीची जोडी. पोरी लग्न होऊन गेलेल्या.

मामांनी यंत्राची सगळी हकीगत ऐकून घेतली आणि विचारलं, "हे खाली बोलतंय म्हनता. फकस्त पावसाचंच बोलतंय का?"

"पावसाचंच," साहेब म्हणाले.

"मानसाचं न्हाई बोलत?"

साहेब हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी आत बोट दाखवलं. भिंतीला टेकून मामी तांदूळ निवडत बसली होती, आणि निवडता निवडता मध्येच थांबून श्वास घेत होती. "आमची मंडळी. आभाळ भरलं की हिची छाती बी भरती. पावसाळ्यात येष्टीचा नेम न्हाई. मागल्या साली डोलीत घालून नेली. पोचली, म्हनून बसलेली दिसतीया. दवाखान्याची जीप येती वाट काढीत, पर तिला सांगनार कोन? तुमच्या यंत्रानं येवढंच सांगावं, आहुप्याला जीप धाडा. जागा फुकट घ्या."

डोली म्हणजे लांब बांबूला बांधलेलं घोंगडं. आजारी माणसाला त्यात निजवायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन निसरड्या वाटेनं खाली धावायचं. दम्याच्या माणसाला त्यात काय होत असेल याचा विचार त्या दिवशी मी केला आणि मग करायचं सोडून दिलं.

यंत्रात एक तार रिकामी होती. साहेबांना जागा हवी होती. त्यांनी मान हलवली. पेटीच्या बाजूला मी लाल बटण बसवलं. ते दाबलं की पावसाच्या आकड्यामागे एक खूण जाणार, ऑपरेटरनं ती बघून दवाखान्याला फोन करायचा. बटणाच्या वर एक लाल दिवा होता, तो कंपनीतूनच आला होता. दिवा लागला की बटण दाबलं गेलं असं समजायचं. निरोप पोचला की नाही हे मात्र त्या दिव्याला माहीत नसायचं. पोच मिळाल्यावर पेटेल असा दुसरा दिवा लावू, असं मी साहेबांना म्हणालो होतो. ते म्हणाले, "तुम्हीच रोज बॅटरी वाचवा म्हणून ओरडता आणि तुम्हीच दिवे वाढवता?" तो दिवा किती खाणार हे मला ठाऊक होतं, राईएवढं. पण नवीन वायरिंग, नवीन मंजुरी, आणि बटणच मुळात मंजुरीत नव्हतं. विषय तिथंच संपला.

पहिली चाचणी झाली तेव्हा मामांनी बटण दाबलं, दिवा लागला, आम्ही सगळे दिव्याकडे बघत राहिलो. खाली खूण पोचल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, एसटीच्या कंडक्टरनं ऑपरेटरची चिठ्ठी आणली तेव्हा. आहुप्यात फोन नव्हता.

आता थोडं बॅटरीबद्दल. कंटाळा येईल, पण त्यावाचून पुढचं समजणार नाही.

असलं यंत्र झोपलेलं असताना जवळजवळ काही खात नाही. कान देऊन बसलं की खातं. आणि बोलायला लागलं की अधाशासारखं खातं. एकदा बोलायला जेवढं लागतं तेवढ्यात ते किती तरी वेळ झोपून काढील. म्हणून आमची सगळी कला त्याला झोपवून ठेवण्यात. जागं व्हायचं, मोजकं बोलायचं, डोंगरावरून 'पोचलं' अशी हाक आली की पुन्हा झोपायचं. हाक आली नाही तर मात्र ते परत बोलतं, परत कान देतं, परत बोलतं. आणि हाक कधी येत नाही? धुवांधार पाऊस लागतो, राईची झाडं ओलीचिंब होतात, अँटेनाच्या जोडात पाणी शिरतं तेव्हा. म्हणजे पाऊस जितका जास्त तितकं ओरडणं जास्त, आणि ऊन तर नाहीच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं हे ओल्या दिवसांतलं. ज्या दिवसांसाठी यंत्र बसवलं त्याच दिवसांत ते मरायचं.

पहिल्या पावसाळ्यात आहुपे तसंच मेलं. खोलीतल्या यंत्रावर बाकीच्या गावांचे आकडे येत राहिले आणि आहुप्यापुढे काहीच नाही. ऑपरेटर म्हणाला, "गेलं वाटतं तुमचं आहुपं." कोणाच्या घरचं म्हातारं गेल्यासारखं तो म्हणाला आणि बिडी ओढायला बाहेर गेला. मी मात्र बटणाचा विचार करत होतो. त्या वर्षी मामीला बरं होतं, किंवा होतं असं मला नंतर सांगण्यात आलं. दसऱ्याच्या सुमारास मी वर गेलो तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "पावणं, तुमचं यंत्र पावसाला भितंय की वो."

मला ते झोंबलं. त्या वर्षभर मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. घरी बायको म्हणायची, माझी सवत एखादी बाई असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी अँटेनाचे जोड नव्यानं बांधले, त्यावर मेण आणि पट्ट्या चढवल्या. मोठी बॅटरी घातली. हाक आली नाही तर यंत्रानं किती वेळा ओरडायचं याला मर्यादा घातली. आणि साहेबांच्या खनपटीला बसून आकडा तासाऐवजी तीन तासांनी पाठवायची परवानगी काढली. साहेब म्हणाले, वरचे लोक बोंबलतील. मी म्हणालो, यंत्र मेल्यावर तर अजिबात बोंबलणार नाहीत. बटण दाबलं तर मात्र वेळेची वाट न बघता लगेच बोलायचं, हे मी तसंच ठेवलं. मामीच्या वाट्याची बॅटरी पावसाच्या आकड्यांनी खाऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी काटकसर. असं मी साहेबांना सांगितलं नाही.

शेवटी हिशेब बसला. ढगातूनसुद्धा पॅनेलला थोडा उजेड मिळतो. भर पावसातही दिवसाकाठी चमचाभर चार्जिंग होतं. थेंबे थेंबे तळे साचे. त्या चमचाभरावर आणि मोठ्या बॅटरीवर मिळून यंत्र पावसाळा काढणार होतं. त्या चमच्यावाचून मात्र नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात आहुपे बोलत राहिलं. आणि श्रावणात एका सकाळी पावसाच्या आकड्यामागे खूण आली. मी तेव्हा खोलीतच होतो. ऑपरेटरनं आधी यंत्रावर थाप मारली, त्याला वाटलं बिघडलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि दवाखान्याला सांगितलं. जीप गेली. दुपारी ती परत आली तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. मामी मागच्या सीटवर बसलेली, ओठ निळे पडलेले, पण बसलेली. मला बघून तिनं हात वर केला. त्या दिवशी मी घोडेगावच्या बाजारातून बायकोसाठी उगाचच बांगड्या घेतल्या. एवढा आनंद मला नोकरीत ना आधी झाला होता, ना पुढं झाला.

त्या दसऱ्याला मामीनं कोयते-विळ्यांच्या शेजारी पेटीचीही पूजा केली. हळदीकुंकू, झेंडूची फुलं. मला गुळाचा कोरा चहा दिला, नेहमीच्या कपात, सगळ्यांना द्यायची त्यातच. त्या घरात माझं आडनाव कधी कोणी विचारलं नाही. मामी म्हणाली, "भाऊ, तुमच्या पेटीला निवद काय लागतो?"

"ऊन," मी म्हणालो.

"येवढंच? आन् पावसाळ्यात?"

"साठवलेल्यावर काढते."

"म्हंजी उपासच की. आमच्यापरीस गरीब हाये मग. आमाला निदान नाचनी तरी हाये." आणि ती हसली, हसता हसता खोकली, मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मीही हसलो. बायांची चेष्टामस्करी म्हणजे काही अभ्यासाचा तास नव्हे.

तिसऱ्या वर्षी मी निर्धास्त होतो. हिशेब एकदा खरा ठरला होता, बॅटरी नवी होती, जोड तपासलेले. पाऊस लवकर आला आणि वाऱ्यासकट आला. बाकीची केंद्रं अधूनमधून अडखळत होती, आहुपे मात्र तीन-तीन तासांनी घड्याळासारखं बोलत होतं. ऑपरेटर मला म्हणाला, "तुमच्या लाडक्या लेकीचं बरं चाललंय."

मग एक दिवस ते गप्प झालं.

मला ते पटेना. यंत्रानं गप्प व्हावं असं काही घडलंच नव्हतं. वीज पडली म्हणावं तर आदल्या दिवसांत आकड्याबरोबर येणारी बॅटरीची पातळी हळूहळू, रोज थोडी, अशी खाली गेली होती. पॅनेलकडून काहीच येत नसल्यासारखी. मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, मी चार्ज केलेली बॅटरी घेऊन वर जातो. साहेब म्हणाले, "आहुप्याचं नेहमीचंच आहे. तुम्ही आधी बोरी बुद्रुकला जा." बोरीला कुकडी नदीची पातळी मोजणारं आमचंच यंत्र होतं, त्याच्या नळीत गाळ बसून ते वेडेवाकडे आकडे देत होतं, आणि नदी चढत होती. खाली माणसं जास्त, म्हणून बोरी आधी. यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. मी म्हणालो, साहेब, तिथं बटण आहे. ते म्हणाले, "बटणाचं मला कागदावर दाखवा." मी फोन ठेवला.

बोरीचं काम लांबलं. नळीतला गाळ उपसताना माझं चित्त तिथं नव्हतं. एका शेतकऱ्यानं दोनदा विचारलं, पावणं, घरी काय दुखणं हाये का? मी नाही म्हणालो. काम उरकलं तसा मी घोडेगावला आलो, खोलीत कोपऱ्यात ठेवलेली चार्ज बॅटरी पोत्यात घातली आणि मिळेल त्या गाडीनं डोंगराकडे निघालो. शेवटचा रस्ता पायी. पाऊस उघडला होता. भाताची लावणी झालेली, खाचरं हिरवी पोपटी. ते सगळं सुंदर दिसत होतं याचाही मला राग आला.

मामा ओट्यावर बसले होते. त्यांचं डोकं भादरलेलं होतं. मी पोतं खाली ठेवलं आणि उभाच राहिलो. ते म्हणाले, "बसा भाऊ. पानी आनतो." पाणी आणायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी मला सगळं सांगितलं. न रडता, रस्ता कुठून कुठं जातो ते सांगावं तसं. लावणीच्या दिवसांतच मामीची छाती भरली. एका सकाळी तिला बसवेना की निजवेना. मामा पेटीकडे गेले आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. घराच्या उंबऱ्यातून तो दिवा दिसतो, मामीनंही बघितला. शेजारचे गडी बांबू आणि घोंगडं घेऊन आले होते. मामांनी त्यांना थांबवलं.

"मी म्हनलो, निरोप गेलाय. मागल्या साली जीप आली व्हती, आता बी यील. डोलीत हिचे हाल करू नका. गडी म्हनले, आमी निगतो, वाटंत जीप गाठंल. म्या ऐकलं न्हाई. डोली आडवाटंनं जाती आन् जीप रस्त्यानं, चुकामूक झाली म्हंजी? म्हनून थांबलो."

ते थांबले. जेवणवेळ झाली तरी थांबले. मग मामांनी पुन्हा बटण दाबलं. दिवा पुन्हा लागला, जरा मिणमिणता, पण लागला. मामी म्हणाली, येतीया, आवाज येतोय. आवाज वाऱ्याचा होता. दुपार कलल्यावर गड्यांनी मामांचं न ऐकता तिला डोलीत घातलं. खालच्या ओढ्यापर्यंत ती मामांचा हात धरून होती.

"ओढा वलांडला तवा हात सुटला," मामा म्हणाले.

पावसाळ्यात उघड्या वाटेनं चार माणसं सकाळीच मामीला घेऊन धावत सुटली असती तर ती दवाखान्यात पोचली असती. मागच्या वर्षापर्यंत त्या गावाला हे ठाऊक होतं. आम्ही बटण बसवलं, जीप आणून दाखवली, आणि मग गाव थांबायला शिकलं. मला त्या क्षणी माझ्या कामाची, हातांची, त्या शहाण्या काटकसरीची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

मग मामांनी तो प्रश्न विचारला, ज्याची वाट बघत मी पाणी पीत होतो. "दिवा तर लागला व्हता. मग निरोप ग्येला न्हाई का?"

खाली माणसं बसली होती आणि त्यांनी निरोप टाकून दिला, असं त्यांना वाटू द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, मामा, दिवा लागायला बॅटरीत घोटभर असलं तरी पुरतं. बोलायला घागर लागते. घागर भरलेली नव्हती. यंत्र बोलायला उठलं असेल, आणि उठता उठताच खाली बसलं असेल. दर वेळी. खाली कोणाला काही ऐकूच गेलं नाही.

त्यांनी ते समजून घेतलं. "म्हंजी कुनी आडवलं न्हाई," ते म्हणाले. "बरं." मग उठले. "चला. पेटी बगून घ्या. तुमी त्याच्यासाठीच आला असाल."

आम्ही घराच्या बाजूला गेलो. खांबाजवळ पोचायच्या आधीच मला दिसलं. पॅनेलवर इरलं होतं. भात लावताना वाकलेल्या बाया डोक्यापासून कंबरेपर्यंत पांघरतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. ते पॅनेलवर नीट उपडं घालून काथ्यानं चारी बाजूंनी आवळलं होतं. वारा त्याला हलवू शकला नव्हता, एवढी गाठ पक्की. मी गाठी सोडल्या. इरलं उचललं. खालची काच कोरडी होती, स्वच्छ होती, तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. त्या काचेवर किती तरी दिवसांत उजेडाचा कवडसा पडला नव्हता.

मी मीटर लावला. जे दिसायचं ते दिसलं, बॅटरी पार उतरलेली. मीटरची तार पुन्हा गुंडाळायला मला खूप वेळ लागला.

"उतरली कशानं?" मामांनी विचारलं.

इरलं माझ्या दुसऱ्या हातात होतं. त्याच्या आतल्या बाजूला, कामट्यांच्या बेचक्यात, केसांचा एक गुंता अडकलेला होता. काळे कमी, पांढरे जास्त.

"ढगानं," मी म्हणालो. "यंदा ढग लई होते मामा."

त्यांनी मान हलवली. "तिला लई काळजी पेटीची. वाऱ्यानं राईतल्या फांद्या मोडून उडत व्हत्या. म्हनली, काच फुटंल. मी म्हनलो, आगं ऊन खाती ती. तर म्हनली, ऊन हाये कुटं? भर पावसात उगडी ठिवून काय उपेग, उपासच हाये तिचा. लावनीवरनं आली तशी सोताचं इरलं काढून हिला बांदलं, आन् भिजत घरात आली. तवापास्नंच छाती भरली तिची."

मी इरल्याची आतली बाजू माझ्याकडे वळवली.

"पर बरं झालं बांदलं," मामा म्हणाले. "न्हाईतर काच फुटून आदीच बंद पडली असती. दिवासुदा लागला नसता. दिवा लागला तवा ती उंबऱ्यात बसून बगत व्हती. आली बगा जीप, म्हनली. दुपारपातुर तिला लई धीर व्हता त्या दिव्याचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इरलं व्हतं म्हनून लागला ना दिवा?"

"हो," मी म्हणालो.

आणलेली बॅटरी मी पोत्यातच राहू दिली; दिवा लागला की गाव पुन्हा थांबलं असतं. इरलं पॅनेलवर पुन्हा उपडं घातलं, काथ्या चारी बाजूंनी आवळला आणि होत्या तशाच गाठी मारल्या. मामांनी त्या हातानं ओढून बघितल्या.